“हाव जी” हे उत्तर आहे का? गावातल्या सर्वेक्षणांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा, यवतमाळ, चंद्रपूरच्या गावांत मी गेली अठरा वर्षं प्रश्नावल्या घेऊन फिरतो आहे. आधी घरोघरी जाऊन फॉर्म भरायचो, मग पर्यवेक्षक झालो, आता समाजकार्याच्या आणि मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना फील्डवर जाण्याआधी तयार करतो. विद्यार्थी, आशाताई, शिक्षक, कधी एखादा ग्रामपंचायत सदस्य, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अवघड नंतर.

१. रिस्पॉन्स बायस म्हणजे काय? लोक खोटं बोलतात, एवढंच ना?

नाही. खोटं बोलणं हा त्यातला फार लहान भाग आहे. जे विचारलं ते सोडून दुसऱ्याच कशामुळे तरी उत्तर एका बाजूला झुकतं, त्याला रिस्पॉन्स बायस म्हणतात. मी त्याला ‘उत्तराचा कल’ म्हणतो. प्रश्नातल्या शब्दांमुळे उत्तर झुकतं, विचारणाऱ्याच्या गळ्यातल्या ओळखपत्रामुळे झुकतं, ओसरीवर कोण बसलंय त्यामुळे झुकतं, आठवण अंधुक झाल्यामुळे झुकतं. पुष्कळदा तर निव्वळ चांगुलपणामुळे झुकतं.

शंभर जणांनी आपापल्या परीने थोडं कमी, थोडं जास्त सांगितलं तर त्या चुका बऱ्याच अंशी एकमेकींना खोडतात. पण शंभरही जण एकाच दिशेने झुकले, तर शंभराच्या जागी दहा हजार माणसं घेऊनही चूक जागची हलत नाही. जिनिंगमधला काटा प्रत्येक गाठोड्यामागे दोन किलो कमी दाखवत असेल, तर कापूस दहा वेळा मोजून शेतकऱ्याच्या पदरात काय पडणार?

२. आमच्या भागात काहीही विचारलं तरी लोक “हाव जी”, म्हणजे “हो जी”, असंच म्हणतात. याला काही नाव आहे का?

आहे. होकारवृत्ती. अभ्यासात याला अ‍ॅक्विएसन्स म्हणतात. पण नाव कळल्याने काम होत नाही, म्हणून एक प्रसंग सांगतो.

सेलू तालुक्यातल्या एका गावात मार्च महिन्यात एक मावशी सुपात तूर पाखडत बसल्या होत्या. तिसरा प्रश्न होता, “सरकारी दवाखान्यात तुमच्याशी नीट बोलतात का?” त्या म्हणाल्या, “हाव जी.” सतरावा प्रश्न मुद्दाम उलटा ठेवलेला होता, “सरकारी दवाखान्यात रागावून बोलतात का?” पुन्हा “हाव जी.” मी फॉर्म खाली ठेवला आणि विचारलं, “मावशी, दोन्ही कसं?” सूप थांबलं. त्या म्हणाल्या, “तुम्ही एवढ्या उन्हाचे आले. तुमाले नाही कसं म्हणू जी?”

त्या “हाव जी” मध्ये दवाखान्याबद्दल काहीच नव्हतं. दारी आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, एवढंच होतं. हे मला त्या दिवशी कळलं आणि तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना एकच गोष्ट सांगत आलो आहे: माणसाचा शिष्टाचार आणि त्याचं खरं उत्तर यांची टक्कर होईल असा प्रश्न विचारायचाच नाही. टक्कर झाली तर शिष्टाचार जिंकतो, आणि तो जिंकणं वाईट नाही. चूक आपल्या प्रश्नाची असते.

उपाय असा. हो-नाहीचा प्रश्न मोडून दोन्ही बाजू समोर ठेवा. “काही जण म्हणतात, दवाखान्यात नीट पाहतात. काही जण म्हणतात, बाहेरूनच परत पाठवतात. तुमचा अनुभव कोणासारखा आहे?” आता कोणतंही उत्तर दिलं तरी तुमचा अपमान होत नाही, आणि बोलणाऱ्याला आधीपासून सोबत मिळते.

हा घोळ फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत १९५० मध्ये हुकूमशाही वृत्ती मोजणारी एफ-मापनी आली, ती फार गाजली. तिची सगळी विधानं अशी होती की “सहमत” म्हटलं की हुकूमशाहीचे गुण वाढत. मग टीका झाली की ही मापनी हुकूमशाही वृत्ती मोजते की निव्वळ मान डोलावण्याची सवय? तेव्हापासून निम्मी विधानं सुलट, निम्मी उलट लिहिण्याची रीत रुळली.

३. मग निम्मी वाक्यं नकारार्थी केली की झालं ना?

उलट करा, नकारार्थी नको. “मला कधीच एकटं वाटत नाही” या वाक्यावर आजीने “हाव” म्हटलं, तर त्याचा अर्थ “हाव, नाही वाटत” की “हाव, वाटते”? मराठीत दोन्ही होतात. त्याऐवजी “माझ्याजवळ बोलायला माणसं आहेत” असं लिहा. एकटेपणाच्या उलट बाजूचं वाक्य आहे, आणि “नाही” शब्द कुठेच आला नाही.

४. दारू, खर्रा (घोटलेली तंबाखू-सुपारी), बायकोला मारहाण, यांबद्दल कोणी खरं सांगत नाही. हे कसं मोजायचं?

समाजात जे चांगलं मानतात ते जास्त सांगायचं, वाईट मानतात ते कमी, हा सामाजिक इष्टतेचा कल. डग्लस क्राउन आणि डेव्हिड मार्लो यांनी १९६० मध्ये तो मोजायला ३३ विधानांची मापनी केली. “मी कोणाचाही कधी मनापासून राग केला नाही” अशा धाटणीची विधानं. (या मापनीवर विसंबायचं किती, ते प्रश्न १४ मध्ये.)

विदर्भात यात कायद्याची भर पडते. वर्ध्यात १९७४ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. आता विचार करा, एकच प्रश्न, “तुम्ही दारू पिता का?” वर्ध्यात विचारला तर तो गुन्ह्याची कबुली मागतो, आणि शेजारच्या नागपूर जिल्ह्यात फक्त सवय विचारतो. दोन जिल्ह्यांचे आकडे शेजारी ठेवून “इथे कमी पितात” असं लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला मी अहवाल परत देतो. बंदीने पिणं कमी झालं असेलही, पण त्या प्रश्नाने ते सिद्ध होत नाही, कारण बंदीने सांगणंही कमी झालेलं असतं. चंद्रपूरचं तर आधीचं, मधलं आणि नंतरचं, तिन्ही उत्तरं वेगवेगळ्या भीतीतून आलेली.

खर्ऱ्याचं वेगळं आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण खर्रा घोटणं आणि वाटून खाणं हे गावात बैठकीचं निमित्त असतं. पुरुष त्याबद्दल मोकळेपणाने बोलतात. बायका मात्र खर्रा खात असूनही “नाही जी” म्हणतात. म्हणजे कल वस्तूला चिकटलेला नसतो, कोण खातं याला चिकटलेला असतो.

साधे उपाय आधी करून पाहा. “पिता का?” ऐवजी “शेवटचं कधी घेतली?” विचारा. वर्षभरात, महिन्यात, आठवड्यात असे पर्याय वाचून दाखवा, “कधीच नाही” शेवटी. “घरात कोणी तंबाखू खातं का?” असा घराचा एक प्रश्न न ठेवता एकेका माणसाचं नाव घेऊन विचारा. उघड्यावर शौचाला जाण्याबाबतही हेच करावं लागतं. “घरी संडास आहे, सगळे वापरतो” हे घराचं उत्तर असतं. “आजोबा आज सकाळी कुठे गेले होते?” विचारलं की वेगळंच कळतं.

५. नाणं उडवून खरं काढायची पद्धत ऐकली. ती गावात चालते का?

स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ मध्ये ही कल्पना मांडली. आज वापरतात ते सोपं रूप असं: माणूस तुमच्या नजरेआड नाणं उडवतो. छाप पडली तर काहीही असो, “हो” म्हणायचं. काटा पडला तर खरं सांगायचं. समजा २०० जणांमध्ये १३० “हो” आले. त्यातले साधारण १०० छापाचे. उरलेले ३० हे काटा पडलेल्या १०० जणांतले, म्हणजे प्रमाण सुमारे ३० टक्के. एकेका माणसाचं गुपित तुम्हाला कळत नाही, गावाचा आकडा कळतो.

कागदावर ही पद्धत फार सुंदर आहे. गावात मात्र एक अडचण येतेच. आयुष्यात थेंब न घेतलेला माणूस, छाप पडली म्हणून “हो, पितो” म्हणायला तयार होत नाही. एका माळकरी बाबांनी नाणं माझ्या हातात परत दिलं. “मी घेत नाही तं हाव कायले म्हणू?” त्यांचं बरोबर होतं. त्यांच्यासाठी तोंडातून निघालेला शब्द हा शब्द असतो, आकडेमोडीचा भाग नसतो. म्हणून मी आता “हो” ऐवजी रंगीत चिठ्ठी डब्यात टाकायला देतो. चिठ्ठीला अब्रू नसते. पद्धत समजावून सांगायला पाच मिनिटं मोकळी ठेवा आणि आधी निरुपद्रवी प्रश्नावर सराव करून घ्या, उदाहरणार्थ “आज चहा घेतला का?”

६. उत्पन्न आणि शेतीचं उत्पादन लोक नेहमी कमी सांगतात. हाही तोच कल का?

दिसायला तसाच, पण उगम वेगळा. इथे लाज नसते, हिशोब असतो आणि तो शहाणपणाचा असतो. गावात आजवर जो माणूस कागद घेऊन आला तो काहीतरी द्यायला किंवा काढून घ्यायला आला. दारिद्र्यरेषेची यादी, घरकुलाची यादी, बोंडअळीचा पंचनामा, लाडक्या बहिणीचा अर्ज. तुमचा फॉर्मही त्यातलाच वाटणार. सात क्विंटल कापूस झाला असेल तर चार सांगितला जातो, आणि फवारणीचा खर्च वाढवून सांगितला जातो.

“यातून काही मिळणार नाही” हे एकदा सांगून पुरत नाही. सुरुवातीला सांगा, उत्पन्नाच्या प्रश्नाआधी पुन्हा सांगा. ग्रामपंचायतीत बसून सर्वे करू नका. पटवारी किंवा कोतवालाच्या सोबतीने गावात शिरलात तर आकडे तिथेच गेले. आणि एकूण उत्पन्न विचारण्याऐवजी तुकडे विचारा: किती वेचण्या झाल्या, शेवटची किती किलो, कोणत्या भावाने दिला, व्यापाऱ्याला घरूनच दिला की मार्केटला नेला. तुकड्यांत सांगताना माणूस शेतीत रमतो.

७. मी आशा कार्यकर्ती आहे. माझ्याच गावात मीच सर्वे केला तर चालेल का?

ते विषयावर अवलंबून आहे. लसीकरण, बाळंतपण, ताप-खोकला यांत तुमच्याइतकं कोणाला खरं कळणार नाही. पण “आशाताई वेळेवर येतात का?” हे तुम्ही विचारू शकत नाही, आणि घरातली मारहाण, कर्ज, गर्भपात हेही शक्यतो नको. तुम्ही उद्याही तिथेच असता. परका माणूस ऐकून निघून जातो, हे त्याच्या बाजूने असतं.

८. मुलाखतीच्या वेळी सासू, नवरा, सरपंच असे कोणी ना कोणी बसलेलेच असतात. त्यांना उठा म्हणता येत नाही. काय करायचं?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरगुती हिंसेचे प्रश्न एका घरातल्या एकाच बाईला विचारतात, आणि एकांत मिळाला नाही तर ते प्रश्न विचारत नाहीत. कारण आकड्यापेक्षा मोठं आहे. आपण गेल्यावर त्या बाईला त्या घरात राहायचं असतं. एकांत नसेल तर प्रश्न सोडून द्या आणि “एकांत नव्हता” अशी नोंद करा.

एकांत मिळवायचे मार्ग आहेत. दोघींनी जायचं, एकीने सासूबाईंना अंगणात वेगळा फॉर्म घेऊन बसवायचं, गुडघेदुखीपासून सुरुवात करायची. विहिरीवर किंवा निंदणाच्या बांधावर जा. कोणी मधेच आलं तर बोलणं लगेच लेकराच्या शाळेवर नेता आलं पाहिजे, त्याचा सराव आधी करून घ्या. प्रत्येक फॉर्मवर “कोण हजर होतं” असा रकाना ठेवा. नंतर हाच रकाना सगळ्यात कामी येतो (प्रश्न १६).

९. बायका “काही त्रास नाही जी” म्हणतात. ते खरं धरायचं का?

याचं उत्तर विदर्भातूनच जगाला मिळालं आहे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एखादा तरी आजार निघाला, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. तक्रार सांगणाऱ्यांची संख्या मात्र निम्म्याच्या थोडी वर होती.

या बाया खोटं बोलत नव्हत्या. अंगावरून पांढरं जाणं, कंबर दुखणं हे आईलाही होतं, जावेलाही आहे. जे सगळ्यांनाच होतं त्याला “त्रास” कोण म्हणेल? “काही त्रास आहे का?” या प्रश्नात त्रास म्हणजे काय हे ठरवायचं काम आपण तिच्यावर टाकतो. म्हणून एकेक लक्षण तिच्या शब्दांत विचारायचं, आणि विषय असा असेल तर विचारणारी बाईच हवी. तेवढ्यानेही सगळं कळत नाही, म्हणून तर तपासणी करावी लागली.

१०. पुण्या-मुंबईची प्रमाण मराठी प्रश्नावली जशीच्या तशी वापरली तर काय बिघडतं?

शब्द आडवा येतो. ‘नैराश्य’ हा शब्द वर्तमानपत्रात शेतकरी आत्महत्येच्या बातमीत येतो. तो उच्चारला की माणूस सावध होतो. “मन लागत नाही”, “जीव घाबरा होते”, “कायीच करावंसं वाटत नाही”, “झोप उडाली” हे त्याचे शब्द आहेत. पीएचक्यू-९ ही नैराश्य ताडणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३, एकूण २७ गुण. तिच्यात आजाराचं नाव घ्यावं लागत नाही, लक्षणंच विचारायची असतात, म्हणून ती गावात चालते. पण “मागच्या दोन आठवड्यांत” याचाही उलगडा करावा लागतो: “मागच्याच्या मागच्या बाजारापासून आजपर्यंत.”

शब्दाची ताकद किती असते? एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखवून वेगाचा अंदाज विचारला. “आदळल्या तेव्हा” असा शब्द होता तिथे सरासरी ताशी ४० मैलांच्या वर आले, “टेकल्या तेव्हा” म्हटलं तिथे ३१.८. चित्रफीत तीच.

कोलाम आदिवासींच्या पोडावर (वस्तीवर) किंवा माडिया आदिवासींच्या गावात तर दुभाषी लागतो, आणि मग उत्तर दुभाष्याचं की माणसाचं, हा प्रश्न उभा राहतो. माझा अनुभव असा की लांब उत्तराचा दुभाष्याने “हो म्हणते” एवढाच अनुवाद केला, की तिथेच थांबून पूर्ण वाक्य मागायचं.

११. आत्महत्येचा विचार येतो का, हे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरेल अशी भीती वाटते. गाळू का?

विचारल्याने विचार रुजतो याला संशोधनाचा आधार नाही. पुष्कळांना तर कोणीतरी विचारलं याचंच हलकं वाटतं. गाळू नका, पण तयारीशिवाय विचारूही नका. “हो” आलं तर पुढे काय, हे गावात शिरण्याआधी ठरलेलं हवं: त्याच दिवशी कोणत्या डॉक्टरांकडे न्यायचं, घरातल्या कोणाला त्या माणसाच्या संमतीने सांगायचं, फवारणीचं औषध कुठे ठेवलंय. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, तो तिथेच बसून लावून द्या. फॉर्म अपुरा राहिला तर राहू द्या.

इथला कल दुहेरी असतो. स्वतःबद्दल कमी सांगतात. गेलेल्या माणसाबद्दल विचारलं की घरचे “कर्जामुळे” एवढंच सांगतात, कारण कर्ज हे सांगण्याजोगं कारण आहे आणि मदतीच्या अर्जात तेच लागतं. कर्ज खरंच असतं. पण दारू, आजारपण, घरातला ताण यांना उत्तरात जागाच उरत नाही. हे लिहिताना फार जपून लिहा, एखाद्या विधवेची मदत आपल्या वाक्याने अडता कामा नये.

१२. १ ते ५ च्या मापनीवर सगळे ३ म्हणतात, नाहीतर ५. याला काय करावं?

रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये ही पाच पायऱ्यांची रीत दिली. कागदावर वाचणाऱ्याला ती सोपी जाते, ऐकणाऱ्याला जात नाही. “पूर्ण सहमत, काही अंशी सहमत…” ऐकता ऐकता माणूस पहिला किंवा शेवटचा पर्याय धरून ठेवतो.

आपल्या शेतकऱ्याकडे मापनी आधीपासून आहे. “यंदा पीक आठ आणे”, “बारा आणे पऱ्हाटी साधली” असं तो रोज बोलतो. पैसेवारी, म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज, ५० पैशांच्या खाली गेली की दुष्काळाच्या सवलती मिळतात, हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. “रुपयातून किती आणे समाधान आहे?” विचारून पाहा, उत्तर लगेच येतं. फक्त समाधानाचेच आणे विचारा, पिकाचे नको. पैसेवारीची आठवण झाली की माणूस पन्नास पैशांच्या खालीच राहतो, कारण प्रश्न ६. आणे न कळणाऱ्या तरुण मुलींना मी दहा तुरीचे दाणे देतो आणि वाटी पुढे करतो. जेवढं पटतं तेवढे दाणे वाटीत.

१३. मागच्या महिन्याचा खर्च, मागच्या वर्षीचा आजार, लोकांना आठवत नाही. किती मागचं विचारावं?

लांबचं विचारलं तर विसरतात, जवळचं विचारलं तर आधीच्या गोष्टीही ओढून त्यात आणतात. यावर देशात मोठा वाद झाला आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या १९९९-२००० मधल्या ५५व्या फेरीत खाण्यापिण्याचा खर्च ७ दिवसांचा आणि ३० दिवसांचा, शेजारी शेजारी विचारला. एका रकान्याचं उत्तर दुसऱ्याला जुळवून दिलं जाऊ लागलं अशी शंका आली, आणि त्यावरून काढलेला गरिबीचा २६ टक्क्यांचा आकडा आधीच्या फेऱ्यांशी ताडून पाहता येईना.

गावात तारखा देऊ नका, सण द्या. पोळ्याच्या आधी की नंतर, सोयाबीन काढण्याच्या आधी की नंतर. लहान रोजचा खर्च आठवड्याचा, दवाखान्याचा वर्षाचा. वयाचंही तेच: चाळीस, पंचेचाळीस, पन्नास असंच सांगतात. हे तपासायला व्हिपलचा निर्देशांक आहे. २३ ते ६२ वयोगटात ० आणि ५ ने संपणारी वयं किती ते तो पाहतो. १०० म्हणजे अशा वयांचा ढीग नाही, ५०० म्हणजे सगळाच ढीग.

१४. इष्टतेच्या मापनीवर ज्याचे गुण जास्त, त्याचे फॉर्म काढून टाकू का?

नको. प्रश्न ५ मधले माळकरी बाबा आठवा. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळात आयुष्य घालवलेले असे कितीतरी म्हातारे आहेत जे खरंच व्यसन करत नाहीत, पहाटे उठून अंगण झाडतात, कोणाला दुखवत नाहीत. “मी नेहमी दुसऱ्याला मदत करतो” यावर त्यांनी “हाव” म्हटलं तर मापनी त्यांना सोंगाडे ठरवते. त्यांना काढलं तर गावातली चांगली माणसंच तुमच्या अभ्यासातून जातील. गुण जास्त असलेल्यांचे निष्कर्ष वेगळे मांडून फरक दाखवा, पुरे.

१५. विचारण्यापेक्षा डोळ्यांनी पाहिलं तर कल उरणारच नाही ना?

वेगळा कल येतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले. त्यानंतर “मास्क, हातमोजे घालता का?” असं कोणीही विचारलं की “हाव जी”. म्हणून आम्ही बांधावर जाऊन पाहिलं. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या तोंडाला दुपट्टा. चौथ्या दिवशी आम्ही तिथलेच झालो, आणि दुपट्टे गळ्यात आले. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातल्या, १९२४ ते १९३२ दरम्यानच्या प्रयोगांवरून याला हॉथॉर्न परिणाम म्हणतात. मार्टिन ऑर्न यांनी १९६२ मध्ये त्याच्याच जवळची गोष्ट दाखवली: प्रयोगात बसलेला माणूस “यांना काय हवंय” हे ओळखून तसं वागायचा प्रयत्न करतो.

उलटंही घडतं. समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर एका तरुण चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर फिरले, २५१ ठिकाणी उतरले-जेवले, नकार एकदाच मिळाला. नंतर त्याच ठिकाणांना पत्राने विचारलं, चिनी पाहुणे घ्याल का? उत्तर देणाऱ्यांतले ९० टक्क्यांहून जास्त “नाही” म्हणाले. हे १९३४ मध्ये छापून आलं. दारात उभ्या माणसाला हाकलणं अवघड असतं, कागदावर नाही म्हणणं सोपं. माझ्या मावशींचं “हाव जी” याच्याच दुसऱ्या टोकाला आहे.

१६. माझा डेटा गोळा करून झाला आणि आता कल सापडला. सगळं फेकून द्यायचं?

फेकू नका, आधी पाहा. सुलट-उलट जोड्यांत दोन्हीकडे “हो” किती? “कोण हजर होतं” या रकान्यानुसार उत्तरं बदलतात का? सगळ्या प्रश्नांना एकच आकडा देणारे फॉर्म एकाच सर्वेक्षकाचे आहेत का? संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिसांनी भारतीय सर्वेक्षणांसाठी हीच युक्ती रुजवली होती: एकाच भागात दोन स्वतंत्र नमुने, दोन वेगळ्या तुकड्यांकडून. दोघांचे आकडे जुळले तर ठीक, नाही जुळले तर फरक कुठून आला ते शोधायचं. तुमच्याकडे दोन सर्वेक्षक असतील तर ही तुलना आजही करता येईल.

जे भेटलेच नाहीत त्यांचा प्रश्न वेगळा, तो उत्तराचा कल नव्हे. दुपारी अकराला गावात म्हातारी माणसं आणि लेकरंच असतात. १९३६ मध्ये अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठवल्या, २३ लाखांच्या वर परत आल्या, आणि तरी निवडणुकीचा अंदाज पार उलटा गेला. उत्तरं देणाऱ्यांनी खरंच सांगितलं होतं. उत्तर न देणारे वेगळे होते.

आणि जमलं तर दहा घरी परत जा. फॉर्म न काढता बसा, चहा घ्या, तेच विषय बोलण्यात येऊ द्या. मी त्या मावशींकडे दिवाळीनंतर पुन्हा गेलो होतो. दवाखान्याबद्दल त्या पाऊण तास बोलल्या. नातीच्या तापाच्या रात्रीपासून सुरू झाल्या, आणि त्यात एकदाही “हाव जी” आलं नाही.